खेळातला अत्याचार ओळखायला शिकवणारी कार्यशाळा : बोलवाच, पण कापूस वेचणीच्या दिवसांत नको

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत क्रीडा शिक्षक आहे. बावीस वर्षं झाली. कबड्डी, खो-खो, थोड्या धावण्याच्या शर्यती. आमचं मैदान काळ्या मातीचं, जुलैत पाय रुततो आणि मार्चमध्ये भेगांत टाच अडकते. तेवढ्यावर आमची पोरं विभागापर्यंत खेळून आली आहेत.

या जानेवारीत नागपूरहून दोन मॅडम आणि एक तरुण सर दोन दिवस आमच्याकडे येऊन गेले. आठवी ते दहावीच्या मुला-मुलींना खेळात होणारा छळ आणि अत्याचार कसा ओळखायचा, कसा अडवायचा आणि कोणाला सांगायचं, हे ते शिकवतात. संस्थेचं आणि शाळेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पोरं त्या खोलीत विश्वासानं जे बोलली, ते नावाचा माग काढत कोणाच्या घरी पोचू नये. मानधन ३,५०० रुपये, वर येणं-जाणं आणि जेवण. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली. एकसष्ट पोरं बसली होती.

पहिला तास मला फारसा पटला नाही. प्रोजेक्टर लावला आणि दहा मिनिटांत लाइन गेली. त्याआधी जेवढं दाखवलं त्यात 'वैयक्तिक सीमारेषा', 'संमती', 'विश्वासार्ह प्रौढ' असे शब्द होते. पोरं माना डोलावत होती. माना डोलावणं म्हणजे काहीच कळलं नाही, हे बावीस वर्षांत मला चांगलं ठाऊक झालं आहे. लाइन गेली ते बरंच झालं. दुसऱ्या मॅडम वर्धेकडच्या होत्या. त्यांनी खडू घेतला आणि आपल्या बोलीत सुरू केलं. तिथून खरी कार्यशाळा सुरू झाली.

त्यांनी पोरांचे गट केले आणि प्रत्येक गटाला एक चार्टपेपर दिला. शाळेचा आणि मैदानाचा नकाशा काढा म्हणाल्या. फाटक, वर्ग, पाण्याची टाकी, मुतारी, साहित्याची खोली, मैदान, बस थांबते ती जागा. मग लाल पेन दिले. खेळाच्या निमित्तानं जिथे तुम्ही एखाद्या मोठ्या माणसासोबत एकटे असता, तिथे ठिपका द्या. बोलायचं नाही, फक्त ठिपका. दहा मिनिटांनी सगळे कागद भिंतीला चिकटवले. सर्वांत जास्त ठिपके साहित्याच्या खोलीवर होते. ती खोली आठ बाय दहाची. खिडकी नाही, चटया, गोळे आणि खो-खोचे खांब रचलेले. किल्ली माझ्या खिशात. मी मागच्या बाकावर बसलो होतो आणि हात आपोआप खिशाकडे गेला.

त्या खोलीत काही वाईट घडलेलं नाही. मला तसं खात्रीनं वाटतं. पण पोरांच्या डोळ्यांना ती जागा कशी दिसते, हे मी बावीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या क्रमांकावर मोटरसायकल होती. हे शहरातल्या माणसाला नीट समजावून सांगावं लागेल. आमच्याकडे मुली 'मानव विकास' या सरकारी योजनेच्या निळ्या बसनं येतात. बस शाळा सुटली की निघते. सरावाला थांबलं की बस गेली. मग सात-आठ किलोमीटरवरच्या गावाला पोरगी जाणार कशी? सर सोडून देतात. मीही सोडत आलो. मॅडमनी गाडीवर एकटं नेण्याबद्दल सांगितलं तेव्हा नववीतली एक मुलगी उभी राहिली. माझ्याकडे एकदा पाहून तिनं विचारलं, "मॅडम, आमचे सर बी गाडीवर सोडून देते ना. मंग थे बी चूक हाय का जी?"

खोली एकदम गप्प झाली. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "तुझे सर चांगले असतील. पण माणूस पाहून नियम करायचा म्हटलं तर उद्या वाईट माणूसबी चांगलाच दिसतो. नियम सगळ्यायसाठी एक." या उत्तरासाठीच मी ही कार्यशाळा बोलवा म्हणेन. फसवणारा माणूस आधी घरच्यांचं मन जिंकतो. बूट घेऊन देतो, आईबापाला काका-काकू म्हणतो, पोरीला 'तू इतरांसारखी नाहीस' सांगतो. मग हळूच एखादी गोष्ट 'आपल्या दोघांतच ठेव' म्हणतो. भेट, वेगळं पाडणं, गुपित. हा क्रम त्यांनी पोरांकडून तीन-तीनदा वदवून घेतला.

आमच्याकडे या क्रमाला आणखी एक जोर मिळतो आणि तो त्यांनी बरोबर हेरला. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. कापसाच्या भावाचा भरवसा नाही, म्हणून घरची माणसं प्रमाणपत्रावर आस लावून बसतात. संघाच्या यादीत नाव घालणं ज्याच्या हातात, त्याला पोरगी नाही कशी म्हणणार? 'नाव पाठवत नाही' हे तीन शब्द आमच्या क्षेत्रात किती वापरले जातात, हे प्रत्येक क्रीडा शिक्षकाला माहीत आहे.

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१६ मध्ये या विषयावर जे निवेदन काढलं, त्यात मानसिक, शारीरिक, लैंगिक आणि हेळसांड असे प्रकार आहेत. फळ्यावर तेच चार रकाने आखले आणि पोरांना चिठ्ठ्या वाटल्या. वजन उतरवायला रेनकोट घालून पळवलं. घोटा सुजलेला असताना खेळवलं. सगळ्यांसमोर 'म्हैस' म्हटलं. चुकली म्हणून थापड मारली. प्रत्येक चिठ्ठी आपल्याला वाटेल त्या रकान्यात लावायची आणि काहीच वावगं नसेल तर भिंतीच्या कडेला 'चालते' असं लिहिलेल्या कागदाखाली ठेवायची. थापडेच्या बहुतेक चिठ्ठ्या 'चालते'खाली गेल्या. दहावीतला माझा सगळ्यात चांगला चढाईपटू म्हणाला, "सर मारते म्हणून तं आमी जिंकतो."

तो माझं कौतुक करत होता. मला ते ऐकवत नव्हतं. मी छडी वापरली आहे, हे इथे लपवत नाही. नागपूरहून आलेल्या त्या तरुण सरांनी शांतपणे सांगितलं की १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना शारीरिक शिक्षा शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नं बंद आहे. त्यापुढे १८ पर्यंतच्या मुलांशी क्रूरपणे वागणं बाल न्याय कायदा, २०१५ खाली गुन्हा आहे. पण मला कायद्यापेक्षा त्यांचं पुढचं वाक्य लागलं. मार खाणं हा खेळाचाच भाग आहे असं ज्या पोराला वाटतं, तो उद्या अंगाला नको तिथे हात लागला तरी तोही खेळाचाच भाग समजेल. ती छडी मी त्या आठवड्यात घरी नेली आणि चुलीत घातली.

मुलांसाठी, म्हणजे मुलग्यांसाठी, वेळ कमी दिला ही माझी मोठी तक्रार आहे. दोन दिवसांत जेमतेम पाऊण तास. पण तो पाऊण तास जमला. कॅनडातल्या शेल्डन केनेडी या आइस हॉकीपटूची हकीकत सांगितली. किशोरवयात प्रशिक्षकानं त्याच्यावर अनेक वर्षं अत्याचार केले. तो मोठा व्यावसायिक खेळाडू झाला, मग पुढे येऊन बोलला आणि १९९७ मध्ये त्या प्रशिक्षकाला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. 'असं फक्त मुलींसोबत होते' म्हणणारी आमची पोरं खाली पाहू लागली. स्पर्धेला मुक्कामी गेल्यावर सीनियर पोरं लहानांची जी 'मजा' करतात, कपडे लपवणं, रात्री उठवून नाचवणं, त्यावर मात्र पाचच मिनिटं मिळाली. आमच्याकडे रोज घडतं ते हेच. यावर अर्धा दिवस हवा.

मुलींना रुचिका गिरहोत्राची हकीकत सांगितली. हरियाणाची टेनिस खेळणारी मुलगी, १९९० मध्ये १४ वर्षांची. टेनिस संघटनेच्या प्रमुखानं, जो पोलीस अधिकारीही होता, तिचा विनयभंग केला. १९९३ मध्ये तिनं जीव दिला. न्यायालयानं त्याला दोषी ठरवलं ते २००९ साली. हे ऐकून एकीनं विचारलं, मग सांगून फायदा काय? मला तेव्हा वाटलं, ही हकीकत सांगायलाच नको होती. घाबरवून सोडणारी उदाहरणं कमी करा, हे मी नंतर त्यांना बोललोही. पण वर्धेच्या मॅडमनी ते सावरून घेतलं. तेव्हा पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा नव्हता, तो २०१२ मध्ये आला, असं त्यांनी सांगितलं. आता १८ च्या आतल्या मुलाबद्दल असं काही कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबणाऱ्या संस्थाप्रमुखाला १ वर्षापर्यंत. मुलीचं म्हणणं तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचं. शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यायचं आणि गणवेश घालायचा नाही. तिचं नाव कुठे छापता येत नाही. दारात पोलीस गाडी उभी राहील आणि गाव पाहील, हीच तर आमच्याकडच्या घरांची खरी भीती असते. मुली हे वहीत उतरवून घेत होत्या. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर सगळ्यांनी कंपासपेटीच्या झाकणाच्या आत लिहिला.

चिठ्ठ्यांच्या खोक्याची पद्धत तर प्रत्येक शाळेनं उचलावी. नुसतं 'काही सांगायचं असेल तर टाका' म्हटलं की जो उठेल तो दिसतो. यांनी सगळ्यांनाच लिहायला लावलं. सांगण्यासारखं काही नसेल तर आज डब्यात काय होतं ते लिहा. एकसष्ट जण, एकसष्ट चिठ्ठ्या, सगळ्यांचे हात सारखेच हलत होते. खोका मॅडम आणि मुख्याध्यापिकांनी मिळून उघडला. त्यात काय निघालं ते मी लिहिणार नाही. कायद्यानं जे करायचं होतं ते त्याच आठवड्यात केलं.

आता बाकीच्या उणिवा. पालकांची सभा दुपारी चारला ठेवली. जानेवारीत, वेचणीच्या दिवसांत! नऊ जण आले. अकरा मुलीसुद्धा कापूस वेचायला गेल्यामुळे दोन्ही दिवस आल्या नव्हत्या. त्यातल्या तिघी माझ्या खो-खोच्या संघातल्या. एक आई फाटकापाशी भेटली तेव्हा म्हणाली, "दिवसा आमाले कोन सुटी देते सर, रात्री ठेवा ना देवळापाशी." अगदी खरं आहे. संस्थेला हे सुचायला हवं होतं आणि आम्हालाही. महिन्याभरात परत येऊन पाहू असं म्हणाले होते, तेही झालं नाही. दोन महिन्यांनी फोन आला, तोही मुख्याध्यापिकांना, दहा मिनिटांचा. पोरांनी मन मोकळं केल्यावर पुन्हा कोणी यायचंच नाही, हे मला बरोबर वाटत नाही.

आमच्याकडे काय बदललं ते सांगतो, म्हणजे पैसे कुठे कामी आले ते कळेल. साहित्याच्या खोलीचं दार आता सरावाच्या वेळी खांब लावून उघडं ठेवतो. दुसरी किल्ली शाळेच्या सेविका मावशींकडे असते. मुलींचा सराव शेवटच्या दोन तासिकांत घेतला, आठवड्यातून तीन दिवस, म्हणजे बस चुकत नाही. गणिताच्या सरांनी आधी कुरकुर केली, मग स्वतःच वेळापत्रक बसवून दिलं. पोरांना एकट्याला मेसेज करायचा नाही, जे सांगायचं ते पालक असलेल्या गटावर. वजन उतरवायला कोणाला उपाशी ठेवायचं नाही. वजनात बसत नसेल तर त्या वर्षी दुसरं पोरगं खेळेल.

बाहेरगावच्या स्पर्धेला सोबत बाई हवीच, हे ठरवणं सोपं आणि करणं अवघड होतं. आमच्याकडे एकच शिक्षिका आणि त्यांचं बाळ लहान. म्हणून आयांची पाळी लावली. मार्चमध्ये निमंत्रितांच्या स्पर्धेला एका खेळाडूची आई आली. मुक्काम मंगल कार्यालयात होता. तिनं आल्याआल्या मुलींच्या खोलीची कडी दोनदा लावून पाहिली. ती नीट बसत नव्हती. तिनं मला हाक मारली नाही. स्वतःच व्यवस्थापकाला गाठलं, सुतार बोलवायला लावला आणि कडी बसेपर्यंत दाराशी उभी राहिली. इतकी वर्षं मुली घेऊन मी अशाच कार्यालयांत उतरत आलो. कडी तपासायचं मला कधी सुचलं नव्हतं.

पुढच्या वेळी त्यांना ऑगस्टमध्ये, तालुका स्पर्धेच्या आधी बोलावतो आहोत. ज्यांना बोलवायचं असेल त्यांनी प्रोजेक्टर नको म्हणून आधीच सांगावं. चार्टपेपर, लाल पेन आणि झाकणाचा खोका तयार ठेवावा. वर्धेच्या मॅडम येणार आहेत का, हेही विचारून घ्यावं. आणि पालकांची सभा रात्री आठला, गावातच.