जावाचं इंजिन सांगलीला दिलं, परत आलं ते आमचं नव्हतंच

एकूण ७३,९५० रुपयांना फसलो. आकडा आधीच सांगतो, कारण भेटेल तो पहिल्यांदा तेच विचारतो. पण पैशाचं दुःख मी कधीतरी गिळेन. वडिलांच्या १९६८ च्या जावा मोटारसायकलचं मूळ इंजिन गेलंय, ते कुठल्याही रकमेला परत मिळायचं नाही. आणि दिलं कुणी? मीच. स्वतःच्या हाताने खोलून, नटबोल्ट पिशवीत भरून, वर चहा पिऊन आलो.

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांना पुढचं सांगायला नको. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा बनायला लागली, पुढे त्याच गाडीची येझदी झाली आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. तेव्हापासून पार्ट म्हणजे भंगार बाजार, नाहीतर नकली माल. आमचे बाबा पाटबंधाऱ्यात होते. कण्हेर धरणाच्या कामावर रोज याच गाडीने जायचे. २०१९ ला ते गेले आणि गाडी साताऱ्यात गोडोलीच्या घराशेजारच्या पत्र्याच्या गॅरेजात ताडपत्रीखाली राहिली.

लॉकडाऊनमध्ये मी ती उघडली. चाकांचे स्पोक, ब्रेक शू, पुढचे शॉकअप, सगळी वायरिंग मी माझ्या हाताने केली. टाकीत गंज होता, तर मूठभर नट टाकून व्हिनेगर भरलं आणि तीन दिवस येता-जाता हलवत राहिलो. मुलाला मडगार्ड कापून, सीट खाली घेऊन तिची बॉबर करायची होती. त्यावरून घरात आठ दिवस अबोला होता. शेवटी सहा व्होल्टचं बारा व्होल्ट करायचं, बाकी गाडी आजोबांची तशीच ठेवायची, यावर मिटलं.

मूळ ठेवण्याला कारणही होतं. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी पाहिजे, मूळ रूपात पाहिजे, इंजिन-चासीत मोठा फेरफार नको. आमची बसत होती. बाबांचा जुना नंबर पाटीवर राहिला असता. एवढंच पाहिजे होतं मला.

आता, "क्रँक घरी का नाही केला?" असं मला जे शहाणपणाने विचारतात त्यांना सांगतो. जावाचा क्रँक, म्हणजे पिस्टनच्या खालीवर होण्याने फिरणारा इंजिनातला दांडा, प्रेसने बसवलेला असतो. पिन दाबून काढायची, नवा कनेक्टिंग रॉड घालायचा, परत दाबायचा आणि मग दोन सेंटरमध्ये धरून डायल गेजवर (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) सरळ आणायचा. त्याला प्रेस लागतो. आमच्या कंपनीत प्रेस आहे, पण कंपनीच्या मशीनवर घरचं काम केलं तर नोकरी जाते. मी बावीस वर्षं एमआयडीसीत क्वालिटीत आहे. रोज दुसऱ्यांनी केलेला माल तपासून पास-नापास करणं हेच माझं काम. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहितो, कारण याच गोष्टीने मला रात्री झोप लागत नाही.

म्हणून इंजिन बाहेर द्यायचं ठरलं. ते करणारा सांगलीचा माणूस एका ओळखीच्या जावावाल्याने सुचवला. आंधळेपणाने गेलो नाही. ९ मार्चला रविवारी स्वतः सव्वाशे किलोमीटर गाडी मारून सांगलीला गेलो. शंभर फुटी रस्त्याच्या आतल्या बाजूला गाळा होता. बाकावर तीन इंजिनं उघडलेली, भिंतीला हत्यारं मापाप्रमाणे लावलेली, डायल गेज मऊ कापडात गुंडाळून ठेवलेला. मी मुद्दाम विचारलं, क्रँक कितीत आणता? "दोन शतांशात, दादा. तुम्ही गेज लावून घ्या की." म्हणजे मिलिमीटरचे दोन शतांश. बरोबर उत्तर होतं. ज्याला काम येतं तो माणूस सरळ असणार, असं मी त्या क्षणी धरून टाकलं. पुढे सगळं त्यावरच चालत गेलो.

इंजिन तिथेच ठेवलं. पावती घेतली नाही. इंजिनावर कोरलेल्या नंबरचा ट्रेसही घेतला नाही. कागद धरून वर पेन्सिल घासायला अर्धा मिनिट लागतो, आरटीओत आपण शंभर वेळा बघितलेलं असतं. तुम्ही तरी घ्या. इंजिन हातातून सोडायच्या आधी नंबरचा ट्रेस, चारी बाजूंचे फोटो आणि समोरच्याची सही असलेला कागद. तो "आपल्यात कशाला कागद" म्हणाला तर इंजिन उचला आणि घरी या.

पैसे असे गेले. १२ मार्चला आगाऊ १५,००० त्याच्या स्वतःच्या नंबरवर. २८ मार्चला क्रँक आणि पिस्टनचे १८,५००, "मेहुण्याच्या खात्यावर टाका, माझं लिमिट संपलंय." १९ एप्रिलला दोन्ही सायलेन्सर आणि हँडलच्या निकेल-क्रोमचे ११,२००, तिसऱ्याच नंबरवर. ६ मेला ओरिजिनल जिकोव्ह कंपनीचा कार्बोरेटर मिळाला म्हणून ६,८००. आमचा जिकोव्ह चांगला चालू होता, पण "बॉडी झिजलीय" म्हणाला आणि मी मान्य केलं. खातं बदललं की थांबायचं, हे मी माझ्या धाकट्या भावाला दहा वेळा सांगितलेलं आहे. बाकी पद्धत तीच, सगळ्यांना ठाऊक असलेली: सुरुवातीला रोज फोटो, मग दोन दिवसांनी, मग आपण फोन केला की.

आणि घाई. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले सगळीकडे गाड्या बाहेर काढतात. २०२५ ला तो १३ जुलैला येत होता. हे त्याला माहीत होतं. "तेरा तारखेला बाबांची गाडी पहिली उभी करू, दादा." बाबांचं नाव त्याने घेतलं. मीच त्याला सगळं सांगून बसलो होतो.

आता त्या व्हिडिओबद्दल.

१ जूनला रात्री पावणेदहाला व्हिडिओ आला. एक्केचाळीस सेकंदांचा. इंजिन स्टँडवर बसवलेलं, पोरगं किक मारतं, दुसऱ्या किकला चालू, निळा धूर आणि तो आवाज. ज्याने तो लहानपणी ऐकलाय त्याला कळेल. आईला बोलावलं. आम्ही दोघांनी परत परत ऐकला. मोबाईल उजव्या बाजूने समोर येतो आणि शेवटी दोन सेकंद डावीकडे जातो.

आमच्या इंजिनच्या डाव्या केसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, खालच्या कडेला वेल्डिंग आहे. १९७४ ला यवतेश्वरच्या घाटात खडीवरून गाडी घसरली, दगड लागून केसिंगला चीर गेली. बाबांनी साताऱ्यातच ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करून घेतलं. बोटाच्या दोन पेरांएवढं लांब, गुळाचा पाक ओघळून घट्ट झाल्यासारखं, मध्ये एक बारीक भोक. लहानपणी मी गाडी पुसायला बसलो की त्या भोकात नख घालायचो. बाबा ओरडायचे.

व्हिडिओत ते वेल्डिंग नव्हतं.

मला दिसलं. दिसलं नाही असं नाही. मी व्हिडिओ थांबवला, बोटांनी मोठा केला. कड सपाट, चकचकीत. मी लगेच फोन लावला आणि विचारलं, दादा, खालच्या वेल्डिंगचं काय झालं? तो एक क्षणही अडखळला नाही. "बफिंग मारलं की. आता हुडकून सापडायचं नाही."

आणि मी थँक्यू म्हणालो.

वेल्डिंगचा धातू वेगळा, ओतीव केसिंगचा धातू वेगळा. कितीही घासा, दोन्हीला चमक वेगळी येते, कड दिसतेच. ते भोक तर आणखी उघडं पडतं. असा माल माझ्या टेबलावर आला असता तर मी दहा सेकंदांत बाजूला काढला असता. पण मला गाडी तेरा तारखेला हवी होती, आई शेजारी बसून डोळे पुसत होती आणि आवाज ओळखीचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, डबा भरता भरता, मी उरलेले २१,००० पाठवले. चौथ्या नंबरवर.

२० जूनला ट्रान्सपोर्टने लाकडी खोका आला. भाडंही माझ्याच गळ्यात, १,४५० रुपये. पट्ट्या काढल्या, पेंढा बाजूला केला. आई दारात उभी होती. ती वाकली, डाव्या बाजूला खालून हात फिरवला आणि म्हणाली, "अरे, वेल्डिंग कुठंय?"

मग मी बॅटरी घेऊन नंबर बघितला. नंबर आमचाच, पण आकड्यांखालची जागा आजूबाजूपेक्षा खोल, कानशीचे चरे एका दिशेने गेलेले, आणि दोन आकडे एकमेकांना टेकलेले, एक कललेला. कुणीतरी जुना नंबर घासून हाताने पंच मारलेले. हेड खोललं तर पिस्टन जुनाच, कडेला जळलेला. क्रँकला हात लावून हलवला तर रॉड खालीवर खडखडला. कार्बोरेटर नकली. आमचे सायलेन्सर आलेच नाहीत.

फोन त्या संध्याकाळपर्यंत लागला, मग बंद. २२ तारखेला सांगलीला गेलो तर गाळ्याला दुसरं कुलूप. मालक म्हणाला, तीन महिन्यांचं भाडं बुडवून गेला. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "तुम्ही तिसरे." कराडचे एक निवृत्त मास्तर माझ्याआधी येऊन गेले होते. त्यांची येझदी होती.

ऑनलाइन फसवणूक झाली की ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा असतो, पैसे पुढे सरकायच्या आत. माझं शेवटचं पेमेंट होऊन तीन आठवडे उलटले होते. तक्रार नोंदली, पण त्या खात्यांत तोवर काही राहिलं नव्हतं. तुम्हाला पहिली शंका येईल त्याच तासाला फोन करा. लाजू नका. मी दोन दिवस लाजत बसलो.

आणि पोलीस ठाणं. इथल्या ठाण्यात पहिला प्रश्न: "तुम्ही स्वतःच नेऊन दिलंत ना? मग चोरी कशी?" मी म्हणालो, फसवणूक आहे. "हे दिवाणी आहे, वकील बघा." दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब: वस्तू सांगलीत दिली, तिकडे जा. तिकडे गेलो तर पैसे साताऱ्यातून पाठवले, तिकडे जा. सकाळी नऊला बसलो, दुपारी अडीचला एकाने विचारलं, "पाव्हणं, तुमचं काय?" सगळं सांगितलं. तो म्हणाला, पन्नास वर्षांचं भंगार, त्याची काय किंमत लावणार आम्ही? मी बाबांचं आरसी बुक पुढे केलं. त्याने ते उघडलंही नाही.

पाच फेऱ्या. चार रजा बिनपगारी. प्रत्येक वेळी वेगळा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून. एकदा तक्रार अर्ज घेतला, पण पोच द्यायला शिक्का सापडेना. शिक्का सापडायला पुढची फेरी लागली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने माहिती नोंदवायची. मी ते कलम छापून नेलं. "आम्हाला कायदा शिकवता का?" मी शिकवत नव्हतो. मला एक कागद पाहिजे होता.

तो कागद का पाहिजे, तेही ऐका. नंबर खोडलेलं इंजिन माझ्या घरात आहे. ते कुठल्यातरी चोरीच्या गाडीचं असू शकतं. उद्या कुणी तपासलं तर गुन्हेगार मी. एका मोटार वाहन निरीक्षकांना विचारलं. ते नीट बोलले, पण म्हणाले, गाडीला बसवू नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय असा बदल चालत नाही. आधी एफआयआर आणा. ठाण्यात म्हणतात, नंबर खोडलाय असं तिकडून लेखी आणा. दोन्हीकडे मीच पळतोय. तो मात्र कुठेतरी दुसरा गाळा भाड्याने घेऊन बसला असेल. शेवटी सगळं लिहून जिल्ह्याच्या अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवलं. तेही १७३ मध्येच आहे, पोटकलम ४. ठाण्यात तोंडी वाद घालण्यात दोन महिने घालवू नका, तिसऱ्या दिवशीच पाठवा. अर्जात भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ आणि विश्वासघाताचं ३१६, दोन्ही लिहा. मी आधी फक्त पहिलं लिहिलं होतं. पाच महिने होत आले, अर्ज "चौकशीवर" आहे.

काहीजण म्हणतात, तुम्हाला इतकं कळतं तर फसलात कसे. मी गाळा बघून आलो, बोलून आलो, ओळखीतून गेलो. एवढं करूनही माणूस फसतो हे ज्यांना पटत नाही, त्यांची वेळ अजून आलेली नाही. व्हिडिओ मागाल तेव्हा अट घाला: आजचं वर्तमानपत्र इंजिनवर ठेव, नंबरपासून सुरू कर आणि एकाच शॉटमध्ये किकपर्यंत ये. आणि क्रोमचे पार्ट इंजिनवाल्याकडे देऊच नका, वेगळ्या माणसाला द्या.

खोका गॅरेजात तसाच आहे, पोत्याने झाकलेला. फेकता येत नाही, विकता येत नाही. गाडी शेजारी उभी आहे, टाकीला मरून रंग लागलेला, मध्ये इंजिनची जागा मोकळी.

कोल्हापूर, सांगली, कराड, पुणे, कुठेही जावाचं सुटं इंजिन विकायला आलं, कुणाच्या गाडीत नवं बसवलेलं दिसलं, तर डाव्या केसिंगच्या खालच्या कडेला बोट फिरवून बघा. दोन पेरांएवढी वेल्डिंगची उंच रेघ, मध्ये नख जाईल एवढं भोक. सापडलं तर मला कळवा. ज्याने ते घेतलंय त्याच्यावर माझा राग नाही, त्यालाही फसवलेलंच असणार. त्याने जेवढे दिले असतील तेवढे पैसे मी देईन.