रोल बार चकाचक, पण बसवलाय कुठे तर फायबरवर

कोब्रा रेप्लिका, म्हणजे जुन्या कोब्रा स्पोर्ट्स कारची नक्कल, घेतली आणि चांगलाच गंडलो, कुणी घ्यायच्या विचारात असेल तर आधी हे वाचा. विकणाऱ्याने गाडी सुरू केली, व्ही८ इंजिनचा आवाज ऐकला आणि माझी अक्कल तिथेच संपली. त्याने डायनोचा (इंजिनची ताकद मोजणाऱ्या मशीनचा) कागद दाखवला, चारशेच्या वर हॉर्सपॉवर, गाडी बांधतानाचे फोटो दाखवले, फोटोत रोल बारचे (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या डोक्यामागच्या पाइपचे) पाय बॉडीतून खाली जाऊन थेट चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, वेल्ड केलेले दिसत होते. राइडला मात्र स्वतःच चालवली, मला शेजारी बसवलं, म्हणे इन्शुरन्सचा प्रॉब्लेम येतो. तेव्हाच उठून यायला हवं होतं.

या गाड्या कशा असतात माहितीये ना, १९६५ च्या ४२७ कोब्राची नक्कल, वजन टनाच्या आसपास, व्हीलबेस जेमतेम ९० इंच, आणि एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल, एअरबॅग यातलं काही म्हणजे काही नाही. चूक झाली की सावरायला फक्त टायर आणि तुमचे हातपाय. तर तिसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर, सेकंड गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना जरासा अ‍ॅक्सिलरेटर दिला आणि मागची बाजू पुढे आली, दीड गिरकी घेऊन उलट्या तोंडाने रस्त्याच्या कडेला थांबलो. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून आज टाइप करतोय.

मला वाटलं माझंच चुकलं, कारण टायरची नक्षी तर जवळपास नवी होती. गॅरेजवाल्याने टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं तिथले शेवटचे चार आकडे दाखवले, १४०९. म्हणजे २००९ सालातला चौदावा आठवडा! गाडी नुसती उभी असायची म्हणून नक्षी शाबूत, पण रबर इतकं कडक की नख रुतेना, वरून काळं पॉलिश मारलेलं.

मग त्याने रोल बार धरून हलवला तर बारबरोबर मागची अख्खी बॉडी हलली. खालून टॉर्च मारला. बार फायबरच्या पत्र्याला चार बोल्टांनी लावलेला, खाली नाण्याएवढे वॉशर, चासीपर्यंत काही पोचलेलंच नाही, मागे तिरका आधारही नाही. आणि सीट बेल्टचे खांद्याचे पट्टे याच बारला बांधलेले!! म्हणजे धडक झाली असती तर बार, पट्टे आणि मी, तिघेही एकत्र पुढे. ब्रेक फ्लुइड कोऱ्या चहासारखं काळपट, ते वेगळंच. (साइड पाइपने, म्हणजे दाराखालून जाणाऱ्या तापलेल्या सायलेन्सरने, पोटरी भाजली त्याचा दोष मी विकणाऱ्याला देत नाही, ते कोब्रावाल्या सगळ्यांचं होतं.)

घरी येऊन ते फोटो पुन्हा झूम करून बघितले. फोटोतली चासी काळी, माझी राखाडी, पाइपची ठेवणसुद्धा वेगळी. दुसऱ्याच गाडीचे फोटो! विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "साहेब, गाडी बघूनच घेतलीत ना," आणि नंतर ब्लॉक. पैसे द्यायच्या आधी लिफ्टवर चढवून आपल्या माणसाकडून खालून बघून घ्यायला फार तर तासभर लागला असता, आणि विकणाऱ्याने त्याला खळखळ केली असती तर उत्तर तिथेच मिळालं असतं.

सध्या गाडी स्टँडवर आहे, टायर उतरवलेत, चासीला नीट पाय वेल्ड करून घेतोय. जुना बार कोपऱ्यात उभा आहे, काढायला पाच मिनिटं पण लागली नाहीत.