लाकडी ठोकळे : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मुलगी अडीच वर्षांची असताना आम्ही न रंगवलेल्या लाकडी ठोकळ्यांचा साठ नगांचा संच घेतला, आणि पहिले तीन आठवडे मला तो निर्णय फसल्यासारखाच वाटला. ती ठोकळे टोपलीत भरायची, दुसऱ्या खोलीत नेऊन ओतायची आणि पुन्हा भरायची. रचण्याचे नाव नाही. ठोकळ्यांच्या खेळाची सुरुवात अशा वाहून नेण्यानेच होते आणि मग मनोरे, पूल, बंदिस्त जागा हे टप्पे येतात, असे न्यूयॉर्कमधील बालशिक्षणतज्ज्ञ हॅरिएट जॉन्सन यांनी १९३३ मध्येच मांडले होते. ते आधी वाचले असते, तर ‘असं रच बघू’ म्हणत मी तिच्या मागे लागलो नसतो.

या संचाचा खरा गुण त्याच्या मापात आहे. मूळ ठोकळा १४ × ७ × ३.५ सेंटिमीटरचा, म्हणजे जाडीच्या दुप्पट रुंदी आणि रुंदीच्या दुप्पट लांबी. बाकीचे बहुतेक तुकडे त्याच्या निमपट किंवा दुप्पट. कॅरोलाइन प्रॅट या अमेरिकी शिक्षिकेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे प्रमाण रूढ केले. त्याचा उपयोग मला चौथ्या महिन्यात दिसला. मुलीने दोन ठोकळे उभे करून वर तिसरा आडवा टाकला, तो मधून खाली पडला. तिने तो तीनदा, दर वेळी अधिक जोराने, तसाच टाकला. मग ती टोपलीपाशी गेली, दुप्पट लांबीचा ठोकळा घेऊन आली आणि पूल झाला. उभे ठोकळे जवळ सरकवणे सोपे होते, पण ते तिला दुसऱ्या दिवशी सुचले. मी गप्प बसलो होतो, हे मात्र मला फार जड गेले.

तक्रारीही आहेत. काही ठोकळ्यांच्या जाडीत जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक असल्याने सातव्या-आठव्या थराला मनोरा कलतो, आणि त्यात मुलीची चूक नसते. एका ठोकळ्याची कड मला पॉलिश पेपरने घासावी लागली. सर्वांत गंभीर बाब म्हणजे खोक्यावर ‘दोन वर्षांपुढील’ असे छापलेले असूनही आत चार लहान शंकू होते. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतील सुटा भाग सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाच्या चाचणी-नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये, कारण तेवढी वस्तू घशात अडकू शकते. हे शंकू सहज मावले असते. मी ते पहिल्याच दिवशी कपाटात ठेवले. आवाजाचे म्हणाल, तर खाली जाड सतरंजी हवीच.

एक सूचना : साठही ठोकळे एकदम काढू नयेत. पंचवीस-तीस बाहेर असले की खेळ लांबतो; सगळे काढले की पसाराच होतो.

तिसरा वाढदिवस झाल्यावर शंकू तिच्या हाती दिले. ते मनोऱ्यांचे कळस होतील, असा माझा अंदाज होता. तिने ते ओळीने आडवे केले, वर रुमाल पांघरला आणि मला हळू बोलायला सांगितले.