एचएमटी जनता : रोज चावी मागणारं घड्याळ

एचएमटी कंपनीचं 'जनता' हे जुनं मनगटी घड्याळ घ्यावं का? घ्यावं. विशी-पंचविशीत 'दिवस कुठे गेला कळलंच नाही' हे वाक्य तोंडात बसायला लागतं, तेव्हा तर जरूर घ्यावं. फोनवरची वेळ अचूक असते, पण ती कुठून येते ते दिसत नाही. जनतेत वेळ चालताना दिसते, कानाला लावली तर ऐकू येते आणि रोज सकाळी चावी देताना बोटांना जाणवते.

हिंदुस्तान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन या घड्याळ कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. पुढे कितीतरी वर्षं परीक्षा पास झाल्यावर, लग्नात किंवा निवृत्तीच्या समारंभात हातावर चढायचं ते बहुधा एचएमटीच. ऐंशीच्या दशकापासून बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांनी हळूहळू बाजार घेतला आणि जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायला केंद्र सरकारने मंजुरी दिली. म्हणून इथे जे लिहिलंय ते वापरलेल्या, हाताने चावी द्यायच्या जनतेबद्दल आहे.

बाहेरून घड्याळ अगदी साधं. केस, म्हणजे बाहेरची डबी, साधारण ३५ मिलिमीटरची, पट्टा १८ मिलिमीटरचा, काच ॲक्रिलिकची. तारीख नाही, वार नाही. तबकडीवर 'सतरा ज्वेल्स' (आतले झीज रोखणारे खडे) आणि 'पॅराशॉक' (धक्क्यापासून संरक्षण) अशी अक्षरं, काही तबकड्यांवर देवनागरीत 'जनता'. आजच्या मोठ्या घड्याळांची सवय असेल तर पहिले काही दिवस ते लहान वाटेल. पण शर्टाच्या बाहीखाली ते सहज सरकतं आणि हातावर आहे हे विसरायला होतं. काचेवर ओरखडे लवकर पडतात, तसे ते जातातही. मऊ कापडावर थोडी टूथपेस्ट घेऊन पाचेक मिनिटं गोल घासली की बारीक ओरखडे निघतात. तडा असेल तर मात्र काचच बदलावी.

खरी गंमत आहे मागच्या झाकणाखाली. आयग्लास, म्हणजे घड्याळजीचं डोळ्याला लावायचं भिंग, लावून बघितलं की तांबूस बॅलन्स व्हील पुढे-मागे झुलताना दिसतं. तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. या सगळ्याला ताकद देते गुंडाळलेली मेनस्प्रिंग. तिला मोकळी सोडली तर ती सगळी चाकं भर्रकन फिरवून काही क्षणांत रिकामी होईल. ते होऊ नये म्हणून पॅलेट फोर्क नावाचा चिमुकला तुकडा मध्ये बसवलेला असतो. त्याच्या दोन टोकांना दोन लाल खडे असतात. एक खडा एस्केप व्हील या दातेरी चाकाचा दात अडवतो, बॅलन्स परत आला की तो दात सोडतो, लगेच दुसरा खडा पुढचा दात अडवतो. आपण जी टिकटिक ऐकतो, ती या अडवण्याची.

इथे थोडं थांबून विचार करावासा वाटतो. घड्याळात वेळ 'पुढे जाते' असं आपण म्हणतो, पण स्प्रिंगचं सोडून देणं रोखून धरलं नाही तर मोजण्यासारखं काही उरतच नाही. दिवसभराची ताकद चार लाख बत्तीस हजार वेळा अडवली जाते, तेव्हा कुठे तो दिवस चोवीस तासांचा होतो. आणि जो खडा दात अडवतो तोच सोडताना बॅलन्सला हलकासा धक्काही देतो. त्या धक्क्याशिवाय बॅलन्स थोड्याच वेळात थांबेल. हातात भरपूर ताकद आणि वेळ असूनही वर्षं सुसाट निघून चालल्यासारखं ज्याला वाटतं, त्याने हे यंत्र एकदा उघडं बघावं. कमी आहे ते अडवणं, हे डोळ्यांना दिसतं.

पूर्ण चावी दिली की चांगल्या स्थितीतली जनता साधारण दीड दिवस चालते. त्याहून जास्त वेळ तिच्यात भरता येत नाही, कितीही जोर लावला तरी. उद्याची चावी उद्याच द्यावी लागते. पुढच्या दहा वर्षांची आखणी करत रात्र जागवणाऱ्या वयात ही मर्यादा फार दिलासा देते.

चावी देण्याची रीत नीट समजून घ्या, कारण बरीच घड्याळं इथेच बिघडतात. घड्याळ हातातून काढावं. हातावर असताना चावी दिली की बोट तिरकं पडतं आणि चावीच्या दांड्यावर बाजूने दाब येतो. अंगठा आणि तर्जनीत चावी धरून पुढच्या दिशेने छोटे छोटे पीळ द्यावेत. पंचवीस-तीस पिळांनंतर बोटांना स्पष्ट अडथळा लागतो. तिथे थांबायचं. 'जास्त चावी दिली की घड्याळ बिघडतं' असं ऐकू येतं, पण पूर्ण चावीने काही होत नाही. अडथळा लागल्यावर जोर केला तर स्प्रिंग तुटते. वेळ ठरलेली असावी, शक्यतो सकाळची. भरलेल्या स्प्रिंगचा जोर आणि तीस तासांनंतर उरलेला जोर सारखा नसतो, त्यामुळे रोज एकाच वेळी चावी दिली की चालही रोज जवळपास सारखी राहते.

चावी बाहेर ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही, त्यामुळे सेकंदाला सेकंद जुळवणं अवघड जातं. एक सोपा उपाय आहे. घड्याळ आपोआप बंद पडू द्यावं. सेकंदकाटा जिथे थांबला असेल ते लक्षात ठेवून मोठे काटे पुढच्या मिनिटावर लावावेत आणि फोनवर तोच सेकंद आला की चावी द्यायला लागावं.

अचूकतेबद्दल. सर्व्हिसिंग झालेल्या जुन्या जनतेने दिवसाला वीस-तीस सेकंद पुढे-मागे जाणं ठीक समजावं. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. त्यातले तीस म्हणजे हजारात एकाचाही निम्मा भाग नाही. बिनचूकपणाचा ज्यांना ध्यास आहे त्यांच्यासाठी मुंबईची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, पण मुंबईत पुढे अनेक वर्षं 'बॉम्बे टाइम' हटून राहिला, महापालिकेत तर १९५५ पर्यंत. दोन्हींत ३९ मिनिटांचा फरक. आजही मुंबईच्या डोक्यावर सूर्य येतो तो सरासरी बाराच्या बऱ्याच नंतर, पावणेएकच्या सुमाराला. घड्याळातली 'बरोबर वेळ' म्हणजे सगळ्यांनी मिळून मान्य केलेली वेळ. गाडी पकडायला ती लागतेच. पण आपलं वय, आपला उशीर, शिक्षण-नोकरी-लग्न यांच्या 'योग्य वेळा' याच जातीच्या असतात, हे जनता हातावर असली की जास्त सहज पटतं. आठवड्यातून एकदा मिनिटकाटा जुळवून घ्यावा आणि पुढे चालावं.

घड्याळ अचानक दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे जायला लागलं, तर बहुतेक वेळा दोष चुंबकाचा असतो. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्सला झुलवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, ती आखूड झाल्यासारखी वागते आणि ठोके जलद पडतात. स्पीकर, टॅबलेटचं चुंबकी कव्हर, पर्सचं चुंबकी बटण यांच्यावर घड्याळ ठेवू नये. घड्याळजीकडे डिमॅग्नेटायझर (चुंबकत्व काढणारं यंत्र) असेल तर काम काही मिनिटांचं. याउलट घड्याळ मागे पडत असेल, दीड दिवसाऐवजी रात्रीतच थांबत असेल, तर तेल सुकलंय. चावी फिरते पण अडथळा कधीच लागत नाही, तर मेनस्प्रिंग तुटली आहे.

खरेदीत सर्वांत मोठा धोका आहे रंगवलेल्या तबकडीचा. ऑनलाइन दिसणाऱ्या लाल, निळ्या, हिरव्या झगमगीत 'जनता' बहुतांशी अशाच असतात. फोटो मोठा करून मिनिटांच्या रेघा बघा. मूळ छपाईत त्या सारख्या जाडीच्या आणि नेमक्या जागी असतात. नव्याने छापलेल्या तबकडीत अक्षरांच्या कडा फुगलेल्या दिसतात, बारावरची खूण किंचित सरकलेली असते आणि काटे भलत्याच मॉडेलचे असतात. किंचित पिवळट, कडेला डाग पडलेली मूळ तबकडी शंभर वेळा चांगली. मशीनचा फोटो मागाच. गंज, घासलेले स्क्रू किंवा झाकणाच्या आत ओलाव्याचे डाग दिसले तर सोडून द्या. काही घड्याळांच्या मागच्या झाकणावर नाव, खात्याचं नाव, निवृत्तीची तारीख कोरलेली असते. विक्रेते ते घासून काढतात. तसं न काढलेलं मिळालं तर आनंदाने घ्या. कुणाचीतरी तीस वर्षांची नोकरी त्या दोन ओळींत आहे, आणि तेच बॅलन्स व्हील आता तुमच्या सकाळी मोजणार आहे.

सर्व्हिसिंग चार-पाच वर्षांतून एकदा. देताना एकच प्रश्न विचारा: मशीन पूर्ण खोलणार का? काही ठिकाणी मशीन न खोलता पेट्रोलमध्ये बुडवून वरून तेल सोडतात. घड्याळ महिनाभर छान चालतं, मग पसरलेलं तेल धूळ धरतं आणि चाल पहिल्यापेक्षा वाईट होते. नीट कामात प्रत्येक चाक सुटं करून धुतात, मेनस्प्रिंग तपासतात आणि मोजक्याच जागी थेंबभर तेल लावतात. सुट्या भागांची काळजी नको. जनता आणि एचएमटीचंच दुसरं मॉडेल पायलट यांत एकच ०२३१ क्रमांकाचं मशीन येतं, त्यामुळे जुन्या घड्याळजींकडे भाग सापडतात.

पाण्यापासून मात्र कडक सांभाळावं. पावसाळ्यात लोकलने किंवा दुचाकीवर जाणाऱ्यांनी ते झिपच्या पिशवीत ठेवावं, भांडी घासताना, आंघोळीला आधी काढावं. काचेत आतून वाफ दिसली तर उन्हात ठेवत बसू नका. त्याच दिवशी घड्याळजीकडे जाऊन झाकण उघडून वाळवून घ्या, गंज धरायला फार वेळ लागत नाही. काळी तबकडी आवडत असेल तर पायलट बघा, पातळ आणि सोनेरी हवं असेल तर एचएमटीचंच सोना.