माळरान आणि नदीकाठासाठी ८×४२ दुर्बीण: आठची का घ्यावी, कुठे ती कमी पडते

दुर्बीण घ्यायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती लांबचं दिसेल?" आणि या एका प्रश्नापायी १०×४२ घरी येते. (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास.) पुणे-सोलापूर पट्ट्यातली माळरानं आणि भीमेचं पाणी पाहायचं असेल तर ८×४२ घ्यावी, हे आमचं ठाम मत आहे. माळावर बहुतेक वेळा दुर्बिणीची ताकद पुरेशी असते. नजर अडते ती हवेपाशी.

सकाळी नऊ वाजून गेले की उघडी जमीन तापायला लागते. गरम आणि गार हवेचे थर एकमेकांत मिसळताना त्यांतून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो आणि दोनशे मीटरवरची माळटिटवी वाहत्या पाण्याखाली बसल्यासारखी हलते. दहाच्या दुर्बिणीत ती टिटवी मोठी दिसते हे खरं, पण थरथरही तेवढीच मोठी दिसते. चोचीच्या मुळाशी लोंबणारी पिवळी कातडी आठच्या दुर्बिणीत दिसत नसेल तर दहाच्यातही दिसत नाही. हाताच्या कंपाचंही तसंच. हवेच्या थरथरीवर उपाय वेळेचा आहे: उजाडल्यापासून पहिले दोन-अडीच तास, नाहीतर ऊन कलल्यावर. जमिनीलगत थरथर सर्वांत जास्त असते, म्हणून बांधावरून किंवा छोट्या टेकाडावरून पाहिलं तर चित्र बरंच सुधारतं. गाडीतून पाहत असाल तर इंजिन बंद करा आणि बॉनेटवरून पाहू नका. तापलेल्या पत्र्यावरची हवा चांगल्यातल्या चांगल्या भिंगाचाही कचरा करते आणि दोष मात्र दुर्बिणीच्या माथी जातो.

आठच्या दुर्बिणीचा खरा फायदा तिच्या रुंदीत आहे. चांगल्या ८×४२मध्ये साधारण ७.५ ते ८.३ अंशांचं दृश्यक्षेत्र मिळतं, म्हणजे १००० मीटरवर १३० ते १४५ मीटरचा पट्टा. १०×४२मध्ये तो १०५ ते १२० मीटरवर येतो. ५० मीटर अंतरावर हा फरक जेमतेम सव्वा मीटरचा होतो, पण धाविक शोधताना तो सव्वा मीटर फार मोलाचा आहे. हा पक्षी चार-सहा पावलं सुसाट पळतो, ताठ उभा राहतो, वाकून किडा टिपतो आणि पुन्हा पळतो. तोंड आपल्याकडे असेल तर विटकरी डोकं, डोळ्यावरून थेट मानेपर्यंत गेलेली पांढरी भुवई, तिच्याखालची काळी रेघ आणि खडूसारखे पांढरट पाय असं सगळं एका नजरेत भरतं. पाठ फिरवली की त्याच जागी नुसतं ढेकूळ उरतं. अरुंद चौकटीतून तो एकदा निसटला की पुन्हा सापडवण्यात पाच मिनिटं जातात. त्याला दुर्बिणीने शोधूच नये. नुसत्या डोळ्यांनी हालचाल पकडावी, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणावी. रुंद चौकटीत पक्षी बहुतेक वेळा पहिल्याच प्रयत्नात सापडतो.

हिवाळ्यात गवतावरून खालून खालून तरंगत जाणारे भोवते (हॅरियर, शिकारी पक्षी) ही दुसरी परीक्षा. माँटेग्यूच्या भोवत्याच्या नराला पंखाच्या वरच्या बाजूला एक काळी आडवी पट्टी असते. पांढुरक्या भोवत्याच्या नराला ती नसते, पंखाच्या टोकाशी काळी निमुळती पाचर असते. माद्यांमध्ये गालावरचा गडद डाग आणि त्यामागची फिकट गळपट्टी पाहावी लागते. ती ठळक असेल तर पांढुरक्या भोवत्याची मादी. शंभर मीटरच्या आत पक्षी आला आणि ऊन पाठीशी असलं तर हे सगळं आठच्या दुर्बिणीत नीट दिसतं. दोनशेवर नाही दिसत, आणि तिथे दहाचीही फारशी मदत होत नाही. हे पक्षी रात्री गवतातच जमिनीवर एकत्र मुक्काम करतात. संध्याकाळी त्या गवतात शिरू नये, वाटेवरूनच पाहावं.

आता ४२ या आकड्याबद्दल. ४२ भागिले ८, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगातून सव्वापाच मिलिमीटरची प्रकाशाची चकती बाहेर पडते. १०×४२मध्ये ती ४.२ आणि ८×३२मध्ये ४ मिलिमीटर. भर उजेडात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे दुपारी तिन्हींत काही फरक कळत नाही. कळतो तो लांडगा आणि खोकड हिंडायच्या वेळेला, पहाटेच्या आणि दिवेलागणीच्या अंधुक उजेडात. वय वाढतं तशी बाहुली अंधारात कमी उघडते, त्यामुळे साठीच्या माणसाने हलकी ८×३२ घेतली तर त्याचं फारसं नुकसान नाही. ८×४२चं वजन ६०० ते ७५० ग्रॅमच्या आसपास असतं आणि सोबत मिळणाऱ्या पट्ट्याने तासाभरात मान धरते. दोन्ही खांद्यांवरून जाणारा हार्नेस पहिल्या दिवसापासून वापरावा.

सुपे इथलं मयूरेश्वर अभयारण्य अवघं पाच चौरस किलोमीटरचं. तिथल्या चिंकाऱ्यांना वाहनांची सवय असल्याने आठ पट पुरेशी होते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळवीट लांबूनच दिसतात, पण शिंगांचे पीळ मोजण्याइतकं चित्र मिळतं.

पाण्यावर हिशेब थोडा बदलतो. भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यात नावेतून फिरताना आठच्या वर जाण्यात अर्थच नाही, कारण नाव स्थिर नसते. कोपर नावेच्या काठावर टेकवू नका. इंजिन चालू असेल तर त्याची थरथर थेट भिंगात येते. कोपरं बरगड्यांना लावून, मांडी घालून बसा. सूर्य पाठीशी राहील अशा बाजूने न्यायला नाववाल्या दादांना आधीच सांगा, नाहीतर पट्टकदंबांच्या डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या पाहायच्या सोडून पाण्यावरची चकाकीच पाहत बसाल. आणि रोहित पक्ष्यांच्या थव्यात नाव घालायला सांगू नका. माना एकदम ताठ झाल्या, खाणं थांबलं, थवा एका दिशेने चालू लागला की नाव थांबवायची वेळ झाली. उडालेला थवा पाहण्यापेक्षा वाकडी चोच पाण्यात उलटी धरून गाळणारा एक रोहित दहा मिनिटं पाहण्यात जास्त कळतं.

नदीत वाळूची बेटं उघडी पडली की नदी सुरय आणि छोटी आर्ली तिथे अंडी घालतात. अंडी वाळूच्याच रंगाची, दुर्बिणीतूनही पटकन न दिसणारी. अशा बेटावर उतरायचं नाही. पक्षी उठून डोक्यावर ओरडायला लागले म्हणजे अंडी उन्हात उघडी पडली असं समजून मागे फिरायचं. सांगलीकडे कृष्णेच्या काठावर मगरी पाहताना तर दुर्बीण हे सुरक्षित अंतराचंच साधन आहे: पाण्याच्या काठापासून लांब, उंच जागेवर उभं राहून पाहावं.

माळ आणि नदी यांना जोडणारा पक्षी म्हणजे पखुर्डी. सूर्य उगवून दोनेक तास झाले की जोड्या आणि लहान थवे पाणवठ्यावर उतरतात, घाईघाईने घोटभर पाणी पितात आणि निघतात. पिल्लांच्या दिवसांत नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून घेतो आणि तेच पाणी माळावरच्या पिल्लांना नेतो. पाणवठ्यापासून साठ-सत्तर मीटरवर, झुडपाच्या आडोशाला, थवे यायच्या आधी बसलात तर नर पाण्यात बसून पोट घासताना स्वच्छ दिसतो.

जवळचं पाहण्यासाठी किमान फोकस, म्हणजे स्पष्ट दिसणारं सर्वांत जवळचं अंतर, दोन मीटर किंवा त्याहून कमी असावा. नदीकाठचे चतुर, फुलपाखरं आणि माळावरचे गळपंखी सरडे त्याशिवाय हाती लागत नाहीत. दख्खनच्या या सरड्यांसाठी २०१६ साली शास्त्रज्ञांनी वेगळी प्रजाती (जीनस, म्हणजे जातींचा गट) मांडली आणि तिचं नावच 'सरडा' ठेवलं, हे मराठी माणसाला सुखावणारं आहे. उन्हाळ्यात नर दगडावर चढून गळ्याचा निळा, काळा, नारिंगी पंखा उघडमीट करतो, तेव्हा तीन मीटरवरून त्याचे खवलेसुद्धा मोजता येतात.

ही दुर्बीण कमी पडते ती दूरच्या चिखलावर. दीडशे मीटरपलीकडचे टिलवे आणि छोटे चिखल्ये असे चिखलात चरणारे बारके पक्षी ओळखायला आठ पट पुरत नाही. तिथे काठावर तिपाई लावून २०-६०चा स्कोपच (वीस ते साठ पट दाखवणारी एकनळी दुर्बीण) हवा, तोही सकाळी. नावेत मात्र स्कोप निरुपयोगी.

दुकानात पाहताना दिव्याखाली पाहू नका, बाहेर या. दुर्बीण हातभर लांब धरून डोळ्याकडच्या भिंगातली प्रकाशाची चकती पाहा. ती पूर्ण गोल हवी. कडा कापल्यासारख्या, चौकोनी वाटल्या तर आतलं प्रिझम हलक्या प्रतीचं आहे. दूरची विजेची तार पाहत दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू मागे न्या. एका तारेच्या दोन तारा झाल्या तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. अशा दुर्बिणीने अर्ध्या तासात डोकं चढतं. चष्मा असेल तर आयकप (डोळ्याकडची रबरी कडी) खाली करून पूर्ण गोल दिसतो का ते बघा. चष्मेवाल्यांना १६ मिलिमीटरच्या पुढचं आय रिलीफ, म्हणजे पूर्ण चित्र दिसण्यासाठीचं डोळा आणि भिंग यांतलं अंतर, लागतं. काळ्या चिखलावरचा पांढरा बगळा किंवा पांढऱ्या आभाळावरची कापशी पाहताना कडेला जांभळी-हिरवी झालर येते. ईडी (रंग कमी फाकवणारी) काच ती बरीच कमी करते. पैसे वाढवायचे असतील तर इथे वाढवा, पटींवर नको.

घरी आणल्यावर बिजागरी आधी आपल्या डोळ्यांच्या अंतराला जुळवा, दोन गोलांचा एक गोल होईपर्यंत. मग उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला फोकस करा. नंतर डावी झाकून, मधलं चाक न हलवता, तीच वस्तू डायॉप्टरने (एका डोळ्याचा फोकस वेगळा जुळवणाऱ्या कड्याने) उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. डोळा मिटू नका, भिंग हाताने झाका. मिटलेल्या डोळ्यामुळे दुसराही आक्रसतो. डायॉप्टरवरचा आकडा लक्षात ठेवा, पिशवीत घासून डायॉप्टर फिरतं.

माळावरची धूळ ही भिंगाची खरी वैरीण. तिच्यात गारगोटीचे बारीक कण असतात आणि सदऱ्याच्या टोकाने पुसलं की कोटिंगवर ओरखडे उठतात. आधी ब्लोअरने उडवा, मग मऊ ब्रश, आणि राहिलेल्या डागालाच ओल्या मायक्रोफायबरचा हात. पावसाळ्यात चामड्याच्या बंद पिशवीत ठेवलेल्या दुर्बिणीत बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि श्रावण संपला की पुढच्या भिंगातून टॉर्च मारून मागून तिरकं पाहा: कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर लगेच दुरुस्तीला द्या, कारण बुरशी एकदा कोटिंग खाऊ लागली की पुसून जात नाही.