बिअर की व्हिस्की? यकृताला विचारा

"मी दारू पीत नाही, फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांनी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचावीत. ५ टक्क्यांच्या ६५० मिली बाटलीत साधारण २५ ग्रॅम अल्कोहोल असतं. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिली लार्ज पेगमध्ये २० ग्रॅम. म्हणजे बिअरवालाच पुढे! ८ टक्क्यांची स्ट्राँग घेतली, तर एका बाटलीत दोन लार्ज झाले.

फरक आहे तो वेगाचा. व्हिस्की, त्यातही उपाशीपोटी पाणी-सोडा न घालता घेतलेली, लवकर चढते आणि जठराच्या अस्तराला जाळते. बिअर सावकाश चढते, पण तिच्यातल्या प्युरीन नावाच्या घटकामुळे रक्तातलं युरिक ॲसिड जास्त वाढतं. गाउटवाल्यांनी (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजून दुखतात त्यांनी) तिच्यापासून लांबच राहावं. (व्हिस्कीही त्यांना सोडत नाहीच.)

यकृताला मात्र लेबल वाचता येत नाही. दोन्हींचं आधी विषारी ॲसिटाल्डिहाइड होतं, मग ॲसिटेट. तासाला जेमतेम ७ ते १० ग्रॅम उरकतं. लिंबूपाणी, कडक कॉफी, गार पाण्याची अंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री बाराला संपवलेल्या दोन स्ट्राँग बाटल्या सकाळी सातला गाडीची किल्ली उचलताना रक्तात शिल्लक असू शकतात.