ऑईल चेंबरचे आटे गेलेत: मोठा बोल्ट, हेलिकॉइल, बुश की नवीन चेंबर?

ऑईल चेंबरच्या तळाशी ऑईल काढायचा ड्रेन बोल्ट असतो, तो आवळताना घट्ट व्हायच्या ऐवजी एकदम मऊ लागला आणि नुसताच फिरत राहिला, की समजायचं आटे गेले. मग चार जण चार उपाय सांगतात, टेप गुंडाळ, मोठा बोल्ट मार, हेलिकॉइल टाक, चेंबरच बदलून टाक, आणि प्रत्येकाने आपला उपाय कुठल्या ना कुठल्या गाडीवर चाललेला बघितलेला असतो. तुमच्या गाडीवर कुठला चालेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: चेंबर पत्र्याचं आहे की ॲल्युमिनियमचं, आणि ते सहज खाली उतरतं का. पत्रा ओळखायला चुंबक लावून बघा, चिकटला की झालं. बऱ्याच मोटरसायकलींना वेगळं चेंबरच नसतं, ड्रेनचं भोक थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्याच खालच्या खोक्यात असतं, म्हणजे तिथे भोक वाकडं झालं तर बदलायला सुटा पार्ट नाही, अख्खं इंजिन खोलावं लागतं. शिवाय बाइकचं गळलेलं ऑईल मागच्या टायरवर जातं, त्यामुळे बाइकच्या बाबतीत जुगाड नकोच.

पण पैसे घालवायच्या आधी नक्की कुणाचे आटे गेलेत ते बघा. बोल्ट काढून कापडाने स्वच्छ पुसा. त्याच्या खाचांमध्ये चांदीसारखी चमकणारी बारीक तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली दिसली, तर ते चेंबरचेच आटे उपटून आलेत. उलट बोल्टचेच आटे चपटे झालेत आणि टॉर्च मारल्यावर भोकात आतले आटे नीट दिसतायत, तर नवीन बोल्ट आणि नवीन वॉशर एवढ्यावर काम भागू शकतं. फक्त पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, तपासून घ्या, १२ मिमीचा बोल्ट १.२५ पिचमध्येही येतो आणि १.५ मध्येही, दिसायला दोन्ही सारखेच, आणि चुकीचा बोल्ट हाताने एक-दोन फेरे जाऊन अडकतो, मग लोक पाना लावून तो आत रेटतात आणि तिथेच उरलेसुरले आटे जातात.

अजून एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. कंपनीचा बोल्ट बऱ्याचदा भोकाची पूर्ण खोली वापरतच नाही, आतले दोन-तीन आटे कोरे राहिलेले असतात. त्याच मापाचा आणि पिचचा थोडा लांब बोल्ट ते पकडतो. आत कशाला टेकत नाही ना एवढं मोजून बघायचं, बाइकमध्ये तर खासच. जमलं तर ड्रिल न लावता प्रश्न सुटला.

आता खरी निवड. मोठ्या मापाचा स्वतःच आटे पाडत जाणारा बोल्ट मिळतो, टोकाला खाच असलेला, आणि सगळ्यात जास्त तोच वापरला जातो कारण काम पाच-दहा मिनिटांचं. पत्र्याच्या चेंबरला भोकापाशी लोखंडी नट वेल्ड केलेला असतो, तिथे हा बोल्ट सरळ घातला तर बरा चालतो. ॲल्युमिनियममध्ये मात्र मी तो घालू देणार नाही. एक तर जोर लावून घातल्यामुळे भोकाभोवतीचा जाड भाग तडकू शकतो, आणि दुसरं म्हणजे गाडीखाली आडवं पडून तो काटकोनात धरणं अवघड, थोडा जरी तिरका गेला तरी वॉशर एका बाजूने उचललेला राहतो आणि कितीही आवळा, थेंब येतच राहतो. वर पुढच्या प्रत्येक ऑईल बदलीला तो पुन्हा थोडं थोडं कुरतडतो, आणि नंतर बुश बसवायचा म्हटलं तर भोक आधीच वाकडं झालेलं. त्यापेक्षा भोकाभोवती मटेरियल पुरेसं असेल तर टॅपने (आटे पाडायचं हत्यार) नीट नवे आटे पाडून पुढच्या मापाचा साधा बोल्ट वापरणं कधीही चांगलं. १४ मिमी १.५ पिचच्या टॅपला १२.५ मिमीचं भोक लागतं, म्हणजे १२ मिमीचे आटे गेलेलं भोक जवळजवळ तयारच असतं.

मूळ मापाचाच बोल्ट ठेवायचा असेल तर हेलिकॉइल की बुश, हा प्रश्न येतो, आणि इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेसच्या तारेचं वेटोळं, भोक मोठं करून खास टॅप मारायचा आणि ते आत फिरवत बसवायचं. ताकदीला काहीच कमी नाही, ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा मजबूतच. पण ड्रेनच्या जागी त्याला दोन-तीन अडचणी आहेत. बसवून झाल्यावर तारेची आतली छोटी शेपटी तोडावी लागते आणि ती पडते थेट चेंबरमध्ये, स्टेनलेस असल्यामुळे चुंबकाला धड येतही नाही (बिनशेपटीचं मिळालं तर तेच घ्या). तारेच्या मागच्या बाजूने आट्याआट्यातून ऑईल झिरपायला वाट राहते, म्हणून बाहेरून उष्णता सहन करणारं थ्रेड सीलंट लावूनच बसवायचं. आणि बोल्ट कधी चिकटला तर उघडताना तारही सोबत बाहेर येऊ शकते.

टाइम-सर्टसारखा बुश हा सलग धातूचा तुकडा असतो, आत बाहेर दोन्हीकडे आटे आणि खाली कॉलर. तो किटमधल्या ड्रायव्हर नावाच्या हत्याराने आत फिरवताना शेवटी एकदम जड लागतो, तिथे थांबायचं नाही, कारण तेव्हाच बुशचे आतल्या टोकाचे आटे फाकून चेंबरच्या धातूत रुतत असतात, मग हात पुन्हा हलका होतो, तेव्हा समजायचं लॉक झाला. यानंतर कितीही वेळा बोल्ट उघडा, तो जागचा हलत नाही. लांबी मात्र चेंबरच्या जाडीइतकीच निवडा, आत वर उभा राहिला तर तेवढं जुनं ऑईल दरवेळी आतच राहणार. किट हेलिकॉइलपेक्षा बरंच महाग पडतं, एका गाडीसाठी विकत घेण्यापेक्षा ज्याच्याकडे आहे अशा गॅरेजवाल्याकडून करून घेतलेलं परवडतं. ॲल्युमिनियमसाठी माझं मत सरळ बुशलाच.

ड्रिल आणि टॅप लावणार म्हणजे कीस आत पडणारच. टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, दर अर्ध्या फेऱ्याला मागे घ्या, सारखा काढून पुसा, आणि शेवटी बोल्ट न लावता वरून थोडं स्वस्तातलं ऑईल ओतून सगळं धुवून काढा. फिल्टर आहे की, असं म्हणून सोडू नका, ऑईल आधी जाळीतून पंपात जातं आणि मग फिल्टरला, त्यामुळे जाळीतून सुटलेला बारीक कीस पहिल्यांदा पंपालाच भेटतो.

नवीन चेंबर कधी घ्यायचं? पत्र्याचं असेल आणि नुसते बोल्ट काढून खाली येत असेल तर बाकी काही करूच नका, बदलून टाका. पण सायलेन्सरचा पाइप किंवा सबफ्रेम आडवी येत असेल तर मजुरी चेंबरपेक्षा जास्त होते. सीलंटवर बसणारं चेंबर असेल तर ट्यूबवर लिहिलेला वेळ सुकू द्या, घाईने ऑईल भरलं की कडेने गळतं. ॲल्युमिनियमचं चेंबर कुठल्याही कारणाने उतरलंच असेल तर बुश तेव्हाच बसवून घ्या, टेबलावर भोक सरळ पडतं आणि कीस धुवून जातो.

रबरी एक्सपान्शन प्लग म्हणजे गॅरेजपर्यंत पोचायची सोय, त्यावर रोज गाडी चालवायची नाही. टेफ्लॉन टेप तर नकोच, ती आटे तयार करत नाही आणि तिचे तुकडे जाळीत अडकतात. एपॉक्सीने भोक कायमचं बुजवून ऑईल डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ओढायचं, हेही लोक करतात, पण तेलकट धातूवर एपॉक्सी नीट धरत नाही, आणि चालत्या गाडीत ते सुटलं तर इंजिन जाम व्हायला वेळ लागत नाही. ऑईल वरून ओढायची पद्धत मात्र वाईट नाही, बोल्ट आत्ता घट्ट बसतोय आणि गळत नाहीये पण आटे थकलेत अशी शंका असेल, तर एखादी बदली त्याला हात न लावता वरून काढता येते.

कुठलाही उपाय करा, वॉशर नवा घ्या आणि आवळायला टॉर्क पाना वापरा. बऱ्याच कारमध्ये आकडा २५ ते ४० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, तुमच्या मॅन्युअलमधला असेल तोच खरा. मग इंजिन गरम होईपर्यंत चालवा, बंद करून बोल्टच्या कडेने कोरडा टिश्यू फिरवा, रात्रभर खाली पुठ्ठा ठेवा, सकाळी डाग नसेल तर पन्नासेक किलोमीटरनंतर अजून एकदा बघा.